वैशाखातला स्वयंपाक, घर न तापवता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकोला, वर्धा, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जाऊन बसतो आणि लवकर हलायचं नाव घेत नाही. स्लॅबच्या घरात, त्यातही वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना दिवसभर खोली थंड ठेवायची धडपड करायची आणि सकाळ-संध्याकाळ तिथेच दोन शेगड्या पेटवायच्या, हे दोन्ही जमवावं लागतं. हे पान मुख्यतः अशा घरांसाठी आहे. मुंबई-कोकणातल्या घामट उकाड्याचा प्रश्न वेगळा, त्याचं उत्तर पुढे आहे.

माझं सांगणं एकच आहे. उन्हाळ्यात आधी ठरवायचं ते ज्योत किती वेळ, कधी आणि कुठे पेटणार हे. काय रांधायचं ते त्यानंतर.

गॅसमुळे घर खरंच तापतं का? की उन्हाळ्यात तसं वाटतं नुसतं?

खरंच तापतं. घरातल्या शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडला की साधारण दोन किलोवॅट किंवा थोडी जास्तच उष्णता देतो, छोटा दीडच्या आसपास. एक टनाचा एसी खोलीतून साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे दोन्ही बर्नर मोठे करून ठेवले, तर एका एसीचं सगळं काम तुम्ही ओट्यावर उलटं फिरवलं.

भारतीय मानकांनुसार घरगुती गॅस शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. उरलेली जवळपास एक-तृतीयांश उष्णता भांड्यात जातच नाही. ती ओट्याला, भिंतीला आणि शेगडीपुढे उभ्या असलेल्या बाईच्या अंगाला लागते. भांड्यात गेलेली उष्णताही वाफ होऊन बरीचशी घरातच फिरते. एक लिटर पाणी उकळून आटवायला साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते, म्हणून झाकण न ठेवता उकळत ठेवलेलं पातेलं हा उन्हाळ्यातला सगळ्यात महागडा प्रकार. झाकण ठेवा. एवढ्या एका सवयीने फरक कळतो.

स्वयंपाक नेमका कोणत्या वेळी करावा?

पहाटे साडेपाच ते साडेसातच्या आत. संध्याकाळी उन्हं उतरली की गारवा येईल, मग करू, असं आपल्याला वाटतं. पण वरच्या मजल्यावर नेमकं उलटं होतं. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि ती उष्णता आत सोडायला लागते ती संध्याकाळी. सात ते दहा या वेळात छताला हात लावून बघा, मग लक्षात येईल. त्याच वेळी खाली शेगडी पेटवली की माणूस दोन्हीकडून भाजून निघतो. पहाटे मात्र रात्रभरात घर निवलेलं असतं, बाहेरची हवाही आतल्यापेक्षा थंड असते, म्हणून खिडकी उघडी ठेवून, एक्झॉस्ट पंखा लावून उष्णता बाहेर काढता येते. दुपारी खिडकी उघडली तर झळाच आत येतात.

यासाठी तयारी आदल्या रात्री व्हायला हवी. तुरीची डाळ भिजत घालणं, भाजी चिरून फ्रिजमध्ये ठेवणं, कणीक मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवणं. पहाटे पहिल्यांदा कुकर लावायचा, तो होईपर्यंत दुसऱ्या बर्नरवर भाजी, मग तवा. चहा त्यातच. सव्वा तासात दोन्ही वेळचं शिजवणं आटोपतं. नंतर पंधरा-वीस मिनिटं एक्झॉस्ट चालू ठेवा आणि आठ-साडेआठला खिडक्या-पडदे बंद करून टाका. एक्झॉस्ट लावताना समोरच्या बाजूची एखादी खिडकी थोडी उघडी हवी. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो.

आमच्याकडे रात्री तव्यावरची गरम पोळीच लागते. त्याचं काय करायचं?

यावर माझं मत स्पष्ट आहे. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत ही अट सोडायला हवी. चौघांच्या पोळ्या म्हणजे अर्धा-पाऊण तास तापलेल्या तव्यापाशी उभं राहणं. जेवणारे कूलरपुढे बसलेले आणि एक जण गरम पोळी वाढायला ओट्याशी, असं ताट कुणाच्याही घरात मे महिन्यात असू नये. ज्याला गरम पोळी हवीच त्याने तव्यापाशी स्वतः उभं राहावं.

सोय करता येते. ज्वारीची भाकर सकाळी केली की रात्रीपर्यंत उत्तम राहते, आणि ताकात किंवा दुधात कुस्करून खायला तर शिळीच बरी. पोळ्या करायच्या तर कणीक दुधात भिजवून दशम्या करा. त्या मऊ राहतात आणि प्रवासाला नेतात त्याच कारणाने उन्हाळ्यात घरीही उपयोगी पडतात. पोळ्या गरम असतानाच डब्यात कोंबू नका. दुरडीत कापड घालून वाफ जाऊ द्या, पूर्ण निवल्यावर झाकण लावा. घाम धरलेली पोळी या दिवसांत रात्रीपर्यंत चिकट होऊन वास धरते.

गॅस न पेटवता पोटभर जेवण होतं का?

होतं, आणि आपल्याकडे त्याची कमी नाही. चैत्र-वैशाखातले आपले जुने पदार्थ पाहिले तर निम्मे बिनविस्तवाचे किंवा नुसत्या फोडणीचे आहेत.

पहिला मान कैरीच्या डाळीचा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला करतो तीच, पण ती वर्षातून एकदाच का करावी? एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा, मग चाळणीत घालून अर्धा तास निथळू द्या. ही पायरी घाईत उरकू नका. डाळीत पाणी राहिलं की वाटताना तिचा लगदा होतो. मिक्सर सलग फिरवायचा नाही. थांबत थांबत, चार-सहा वेळा, हिरवी मिरची आणि मीठ घालून. मुठीत दाबली तर मुटका व्हावा आणि बोटाने टोचला की सुटून पडावा, इतपत जाडसर. त्यात अर्धी वाटी किसलेली कैरी (फार आंबट असेल तर कमी), चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी, पूर्ण गार करून. गरम फोडणी ओतली तर डाळीचा ताजेपणा जातो. कच्ची डाळ पचायला जड असते, म्हणून वाटीभरच खा, सोबत ताक घ्या. ज्यांना वाताचा त्रास आहे त्यांनी चवीपुरतीच.

दडपे पोहे हा कोकणाचा मोठा उपकार. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, साखर, नारळाचं पाणी शिंपडून हाताने कालवायचं आणि वर ताटली ठेवून त्यावर वजन ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत पोहे मऊ होतात. विदर्भात चांगला नारळ महाग पडतो. तिथे काकडीचा कीस आणि त्याचं सुटलेलं पाणी वापरून बघा, चांगले लागतात.

घोळाणा करा: कांद्याची पात किंवा कोवळी मेथी बारीक चिरून, शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल. भाकरीबरोबर दुसरी भाजी लागत नाही. कांदा-कैरीचा तक्कू आठवडाभर फ्रिजमध्ये राहतो. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ ताकात कालवून, मीठ-जिरं घालून घेतलं की दुपारचं हलकं जेवण झालं. सातूचं पीठ गूळपाण्यात कालवलं की मुलांचा संध्याकाळचा प्रश्न सुटतो. दहीपोहे, मेतकूट-दहीभात, कोशिंबिरी तर आहेतच.

मोडाचे मूग कच्चे खाणाऱ्यांसाठी एक सूचना: उन्हाळ्यात मोड भराभर येतात तसे जंतूही भराभर वाढतात. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना वाफवूनच द्या.

फोडणी तर लागतेच ना? दर वेळी कढलं तापवायचं?

दर वेळी नको. आठवड्यातून एकदा पहाटे वाटीभर तेलाची फोडणी करून ठेवा: मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि कढीपत्ता. कढीपत्ता अगदी कुरकुरीत झाला पाहिजे, ओल राहता कामा नये. गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरा. चमचा कोरडाच घाला. यात लसूण घालू नका. ओला लसूण तेलात घालून बाहेर ठेवणं धोक्याचं असतं. कोशिंबीर, डाळ, ताक, पोहे, सगळ्यांना हीच फोडणी चालते. त्याच पहाटे शेंगदाणे भाजून कूट करून ठेवलं की पुढचा आठवडा निर्धास्त.

वरणभात रोजचाच आहे. तो कमी गॅसवर कसा करता येईल?

दोन गोष्टी करा. डाळ आणि तांदूळ भिजवा, आणि गॅस लवकर बंद करा. तुरीची डाळ तासभर भिजलेली असेल तर दोन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करून कुकर तसाच राहू द्या. आतली वाफ आपोआप जिरेपर्यंत डाळ शिजतच असते. पाच-सहा शिट्ट्या घेण्याची सवय न भिजवलेल्या डाळीची आहे.

गॅस बंद केल्यावर कुकर ओट्यावर ठेवायची गरज नाही. दोन्ही कान फडक्याने नीट धरून तो गॅलरीत नेऊन ठेवा, आणि उरलेली उष्णता तिथे सोडू द्या. वाटेत मूल आडवं येणार नाही एवढी काळजी घ्या, आणि शिट्टी जोरात येत असताना उचलू नका.

पातेल्यात भात करत असाल तर गोधडीचा उपाय आहे. अर्धा तास भिजवलेले तांदूळ झाकण ठेवून उकळा, चांगली उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या, गॅस बंद करा आणि झाकलेलं पातेलं आधी जाड टॉवेलात आणि मग गोधडीत घट्ट गुंडाळून ठेवा. पाऊण तासाने भात मोकळा आणि गरम मिळतो. पातेलं जितकं भरलेलं तितकं हे चांगलं जमतं. मूठभर तांदळाला ही युक्ती चालत नाही, कारण ते लवकर थंड होतं. राजमा मात्र अशा मंद उष्णतेवर सोडू नका. त्यातलं विषारी द्रव्य निघून जायला तो आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. राजम्याला कुकरच बरा.

सौर चूल घ्यावी का?

गच्ची हाताशी असेल तर नक्की घ्या. ज्या उन्हाने जीव नकोसा केलाय तेच ऊन डाळ शिजवतं, आणि घरात एक अंशही उष्णता येत नाही. पेटीसारखी सौर चूल म्हणजे आतून काळी पेटी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. आत काळ्या रंगाचे डबे. दहाच्या सुमारास लावली की वैशाखातल्या उन्हात भात दीड-दोन तासांत आणि भिजवलेली डाळ दोन-अडीच तासांत होते. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, कारण वाफ बाहेर जात नाही. तासाभराने आरसा सूर्याकडे वळवा. मध्ये मध्ये उघडून बघायचं नाही. दर वेळी उघडलं की साठलेली उष्णता जाते. शेंगदाणे भाजणं, रताळी, बटाटे, ढोकळा, हे सगळं त्यात छान होतं. पोळी, भाकर आणि फोडणी होत नाही.

मोठ्या प्रमाणावर हे जमतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ साली तबकड्यांसारखे सौर परावर्तक बसवले गेले आणि त्यांच्या वाफेवर भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. घरगुती पेटी त्यापुढे फारच साधी गोष्ट आहे.

आरशाची तिरीप डोळ्यांवर घेऊ नका, आणि डबे काढताना हातात जाड फडकं असू द्या.

इंडक्शन, मायक्रोवेव्ह, इलेक्ट्रिक राइस कुकर यांनी फरक पडतो का?

पडतो. इंडक्शनवर भांडं स्वतःच तापतं, त्यामुळे बाजूने वाया जाणारी उष्णता गॅसपेक्षा बरीच कमी. मायक्रोवेव्हमध्ये थोडं अन्न गरम करणं आणि पापड भाजणं एवढंही केलं तरी उन्हाळ्यात त्याने किंमत वसूल केली. वाफवलेलं दुधी-भोपळ्याचं भरीतही त्यात चटकन होतं. ओटीजी, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी, मात्र या दिवसांत बंदच ठेवा.

पण मला यांचा खरा फायदा वेगळा वाटतो. वीजेची शेगडी जागची हलवता येते. राइस कुकर गॅलरीत, सावलीत, पक्क्या स्टुलावर ठेवून लावला की भाताची वाफ घरात येतच नाही. इंडक्शन साधारण दोन हजार वॅटचा असतो, तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो आणि कूलर एकत्र लावू नका.

स्वयंपाकघरात कूलर किंवा टेबल फॅन लावला तर?

ज्योतीवर वारा येईल असा कधीही लावू नका. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांमध्ये ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद व्हायची सोय नसते. वाऱ्याने मंद आच विझली आणि लक्षात आलं नाही, तर गॅस खोलीत भरत राहतो. पंखा लावायचाच तर पाठीमागून, पायांच्या बाजूने, ज्योत हलत नाही याची खात्री करून.

दुसरं असं की कूलर कोरड्या हवेवर चालतो. ओट्यावरची वाफ त्याच हवेत मिसळली की कूलर नुसता दमट वारा फेकतो. म्हणून शिजवताना स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या आणि वाफ एक्झॉस्टने बाहेर जाऊ द्या.

आम्ही मुंबईला राहतो. इथे ३५ अंशांतच जीव जातो. हेच उपाय चालतील?

बरेच चालतील, पण तुमच्याकडे शत्रू वाफ आहे. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, १४.२ किलोचा अख्खा सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरहून अधिक. त्यात उकळणाऱ्या पातेल्यांची वाफ वेगळी. म्हणून मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीकडे एक्झॉस्ट आणि झाकण या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. उकडलेले पदार्थ शक्यतो कुकरमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये. कोकम भिजवून केलेली सोलकढी, नारळाच्या रसातल्या कोशिंबिरी, दडपे पोहे हे तुमच्याकडचं ताट उगाच असं घडलेलं नाही. उकडीचे मोदक श्रावण-भाद्रपदासाठी राहू द्या.

सकाळचं रात्री खायचं, तर अन्न खराब नाही का होणार?

काळजी घेतली नाही तर होईल, आणि हा धोका खरा आहे. शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात तासाभराहून जास्त वेळ तसंच बाहेर राहू देऊ नका. भाताची विशेष काळजी घ्या. त्यातले काही जंतू शिजवल्यावरही तग धरतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात परातीत पातळ पसरा, वाफ गेली की डब्यात भरून लगेच फ्रिजमध्ये. वरणाचं पातेलं माठाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवलं की वीस मिनिटांत निवतं. उकळतं भांडं थेट फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज ती उष्णता मागच्या बाजूने तुमच्याच घरात सोडतो.

फ्रिज नसेल तर रात्रीसाठी भात ठेवू नका. भाकर, तक्कू, चटण्या, दही, कांदा, फळं हेच रात्रीचं जेवण असू द्या.

पाहुणे आले, किंवा अक्षय्य तृतीयेसारखा सण असला तर?

पुरण आदल्या दिवशी पहाटे शिजवून, वाटून फ्रिजमध्ये ठेवा. सणाच्या दिवशी फक्त पोळ्या. किंवा पुरणपोळीऐवजी आमरस करा. आंब्याचा हंगाम असताना त्यात कमीपणा काहीच नाही. कुरडया-पापड तळायचे तर गच्चीवर किंवा अंगणात. आपल्या आज्या उन्हाळ्यात चूल अंगणात मांडायच्या आणि कुरडयांचा चीक पहाटेच शिजवायच्या. गच्चीवर शेगडी नेलीत तर ती सपाट जागी, वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब ठेवा.

पाहुण्यांना आल्याआल्या चहाऐवजी पन्हं द्या. कैऱ्या उकडायच्या त्या सकाळच्या कुकरमध्येच, वरणाच्या डब्यावर. गर काढून गूळ-वेलची घालून ठेवला की पन्ह्याची तयारी आठवडाभर फ्रिजमध्ये राहते. मधुमेह असलेल्यांना गूळही साखरेइतकाच जपून द्यावा, त्यांना जिरं-सैंधव घातलेलं ताक चांगलं.

स्वयंपाक करताना गरगरलं तर काय करायचं?

गॅस बंद करून बाहेर यायचं. भाजी राहिली तर राहू द्या. सावलीत बसून मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घोटाघोटाने घ्या, मानेवर-काखेत ओलं फडकं ठेवा. अंग खूप तापलं, बोलणं असंबद्ध होऊ लागलं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत १०८ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी उन्हाळा सुरू होतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आमची एकच खोली आहे. तिथेच ओटा, तिथेच झोपणं. गच्ची नाही, गॅलरी नाही. आमच्यासाठी काय?

तुमच्यासाठी वेळ हेच सगळ्यात मोठं साधन आहे. दिवसातून एकदाच, पहाटे, दार-खिडकी सताड उघडी ठेवून शिजवा. एका कुकरमध्ये तीन डबे लावा: खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे किंवा कैऱ्या. भाकऱ्या एकदाच थापा. दाराबाहेर जागा असेल तर कुकर उतरवून तिथे ठेवा. शेजारच्या दोन-तीन घरांनी पाळी लावली, की एका दिवशी एका घरी सगळ्यांच्या भाकऱ्या, तर प्रत्येक घरात तवा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पेटतो. संध्याकाळी चहासुद्धा एकदाच करून थर्मासमध्ये भरा. ज्या दिवशी रात्रीही खोली निवली नाही, त्या दिवशी लाह्यांचं पीठ, ताक आणि कांदा.